बिलाचा संगणक का रेंगाळतो? थोडे स्मृतीच्या वाटणीविषयी



पंधरवडा संपला की गट ऑफिसात आणि लेखा विभागाच्या खिडकीशी एकच प्रश्न ऐकू येतो : "बिल कधी निघणार?" त्यावर उत्तर मिळते, "संगणक स्लो आहे." या उत्तराने सभासदाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये असे आम्हांस वाटते. ऊस आपला, काटा आपला, कारखाना आपला. मग घोडे नेमके कुठे अडते हे सभासदास कळलेच पाहिजे.

शिवाय प्रश्न पैशाचा आहे. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची मुदत घातली, आणि उशीर झाल्यास त्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. एक लाखाच्या बिलाला एका दिवसाचे हे व्याज सुमारे ४१ रुपये होते. दिसायला आकडा लहान, पण तो सगळ्या बिलांना लावून पाहावा म्हणजे कळेल. त्यात सोसायटीचा हप्ता, खताची उधारी, मुलांची फी ही सगळी गाडी बिलाच्या तारखेवर अडलेली असते, ते निराळेच.

यावर तोडगा म्हणून "नवा मोठा सर्व्हर घ्या, त्यात भरपूर रॅम घाला" अशी सूचना नेहमी पुढे येते. सूचना चांगल्या मनाने केलेली असते. परंतु आमचे म्हणणे असे की, आहे त्या सर्व्हरातील रॅमची वाटणी आधी नीट लावून पाहावी, आणि मगच खरेदीचे बोलावे. जुन्या पद्धतीच्या हिशेबी कार्यक्रमांना रॅम वाढवून दिली तर ते वेगाने चालतात असे नाही; काही वेळा उलटेच होते. हे कसे, ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम रॅम म्हणजे काय ते पाहू. मराठीत तिला स्मृती म्हणतात. संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. एक डिस्क, तिथे सगळ्या हंगामांच्या पावत्या, सभासदांची खाती, लागणीच्या नोंदी कायमच्या साठवलेल्या असतात. दुसरी स्मृती, तिथे चालू कामापुरती माहिती हाताशी आणून ठेवलेली असते, आणि वीज गेली की ती पुसली जाते. डिस्क म्हणजे शिवारात उभा ऊस, आणि स्मृती म्हणजे गव्हाणीजवळ यार्डात येऊन थांबलेल्या गाड्या. मिलला ऊस लागतो तो गव्हाणीतून. प्रत्येक मोळी थेट शेतातून आणायची म्हटली तर मिल दिवसभर उभीच राहील.

शेत आणि यार्ड यांतले अंतर संगणकात किती असते? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या नेहमीच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि सुई योग्य पट्ट्यावर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. स्मृतीतून तीच गोष्ट काढायला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास वेळ पुरतो. म्हणजे दोहोंत फरक लाखपटीच्या घरातला. यार्डातली मोळी उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर शेतातली आणायला सुमारे २८ तास! हल्लीच्या फिरत्या चकतीविना चालणाऱ्या डिस्का पुष्कळच चपळ आहेत, तरीही स्मृतीची बरोबरी त्यांना साधत नाही.

तेव्हा यार्ड मोठे तितके बरे, असे कुणालाही वाटेल. वाटणे चुकीचे नाही. पण यार्ड कुणी, किती अडवायचे याला शिस्त नसेल तर काय होते ते बघा.

आपल्या ऊसबिलाचा कार्यक्रम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला आहे. सहकारी संस्था, पतपेढ्या, दुकाने, दवाखाने अशा कितीतरी ठिकाणी हिशेबाचे काम एके काळी याच फॉक्सप्रोवर उभे राहिले. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या पेरिसबर्ग गावच्या फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीचे हे मूळ उत्पादन. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली. पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो आले, त्याची नववी आवृत्ती २००४ साली निघाली, आणि २००७ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की यापुढे नवी आवृत्ती नाही. १३ जानेवारी २०१५ पासून कंपनीचा आधारही बंद झाला. तरी कार्यक्रम चालतात. का चालवतात? कारण इतक्या वर्षांत सोसायटीची वजावट, ठेव, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, आडसाली-सुरू-खोडव्याच्या नोंदी हे सारे बारकावे त्यात बसलेले असतात. ते एका रात्रीत दुसरीकडे नेता येत नाहीत.

फॉक्सप्रोचा जन्म टंचाईच्या काळातला. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीतील ८०८८ या चिपला एकूण १ एमबीपलीकडची स्मृती दिसतच नसे, आणि त्यातूनही कार्यक्रमांच्या वाट्याला येत ६४० केबी. आज साध्या मोबाईलने काढलेला एक फोटो त्याहून मोठा असतो. त्या काळी संगणक खात्यातली माणसे 'कॉन्फिग.सिस' नावाच्या चार ओळींच्या फाईलशी तासन्‌तास झटत, आणि पाच-दहा केबी वाचले की लग्न ठरल्यासारखा आनंद होई. अशा दिवसांत वाढलेल्या कार्यक्रमाला एकच वळण लागले : स्मृती दिसेल तेवढी धरून ठेव, पुन्हा मिळेल न मिळेल. त्या वेळी एका टेबलावर एक संगणक, एका संगणकावर एक माणूस आणि एकच कार्यक्रम असे. तेव्हा या सवयीने कुणाचे काही बिघडत नव्हते.

व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्येही ती सवय राहिली. कार्यक्रम सुरू होतानाच तो यंत्रात एकूण स्मृती किती आहे हे पाहतो, आणि त्यावरून आपल्या साठ्याचा आकडा ठरवतो. पावत्यांच्या नोंदी, अनुक्रमणिका जे जे वाचेल ते ते त्या साठ्यात ठेवून देतो, म्हणजे पुन्हा डिस्ककडे जावे लागू नये. स्वतःच्या टेबलावरच्या पीसीवर हे ठीकच आहे.

आता सर्व्हरवर काय घडते? हल्ली कारकुनाच्या टेबलावर दिसतो तो नुसता पडदा असतो. काम प्रत्यक्षात सर्व्हरवर चालते. वीस कारकून बसले की सर्व्हरवर त्याच कार्यक्रमाच्या वीस प्रती चालू होतात. प्रत्येक प्रत सुरू होताना सर्व्हरची एकूण स्मृती पाहते, आणि ती सगळी आपल्या एकटीचीच आहे असे धरून आकडा ठरवते. शेजारी आणखी एकोणीस जणी बसल्या आहेत हे तिला ठाऊकच नसते.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पाटाला पाणी सुटले, आणि चारीवरच्या वीस जणांनी प्रत्येकाने "पाट भरून वाहतोय, म्हणजे सगळे पाणी माझेच" असे समजून एकाच वेळी दारे धरली तर? शेवटच्या माणसापर्यंत पाणी जाणार नाहीच, पण वरच्यांचेही धड भिजणार नाही. म्हणून तर शेजपाळी आली, पाटकरी आला.

आकड्यांत पाहू. समजा, सर्व्हरमध्ये १६ जीबी स्मृती आहे. त्यातली ४ जीबी विंडोजला आणि इतर किरकोळ कामांना गेली. राहिली १२ जीबी. वीस प्रतींपैकी प्रत्येकीने काम करता करता १ जीबी अडवली, तर मागणी झाली २० जीबीची. ८ जीबी कमी पडली. मग विंडोज काय करते? ती कुणाला नाही म्हणत नाही. स्मृतीत ज्याला सध्या हात लागलेला नाही असा भाग उचलून ती डिस्कवरच्या एका फाईलीत नेऊन ठेवते आणि जागा मोकळी करते. त्या फाईलीला पेज फाईल म्हणतात.

मेख इथेच आहे. फॉक्सप्रोने डिस्कवरची नोंद स्मृतीत आणून ठेवली, ती हाताशी राहावी म्हणून. विंडोजने ती पुन्हा डिस्कवर नेऊन टाकली, आणि फॉक्सप्रोला त्याचा पत्ता नाही! यार्डात उभी आहे असे जिला तो समजतो, ती गाडी परत शिवारात गेलेली असते. तिला हात घालायला गेला की विंडोज आधी दुसऱ्या कुणाची तरी गाडी बाहेर काढते आणि मग हिची आत आणते. म्हणजे एका खेपेच्या जागी दोन. वीसही प्रती असे करू लागल्या की सर्व्हरचा सारा वेळ गाड्या आत-बाहेर करण्यातच जातो. बिलाचे काम बाजूलाच राहते. यार्डात गाड्या तुंबल्या, एकीलाही गव्हाणीपर्यंत वाट नाही, आणि मिल मोकळी फिरते आहे, हा देखावा आपण हंगामात कधी ना कधी पाहिलेला आहेच.

मग रॅम दुप्पट केली तर? १६ ची ३२ केली, तर प्रत्येक प्रत सुरू होताना ३२ पाहणार आणि त्या मानाने आपला आकडा वाढवणार. काही दिवस बरे वाटेल, पण पंधरवड्याच्या अखेरीस सगळे एकदम बसले की ओढाताण पुन्हा सुरू. आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रो ३२ बिटांचा कार्यक्रम आहे. ३२ बिटांत मोजता येणारे सगळे पत्ते मिळून होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ जीबी. आणि विंडोजच्या नेहमीच्या व्यवस्थेत त्यातले निम्मे, २ जीबी, कार्यक्रमाच्या वाट्याला येतात. तेव्हा सर्व्हरात ६४ जीबी घाला नाही तर १२८ घाला, बिल काढणाऱ्या एका प्रतीला त्या २ जीबीपलीकडे डोकावता येत नाही. 'एकाच बिलाचे काम झरझर व्हावे' म्हणून रॅम घेणाऱ्याने ती रॅम कुणाच्या उपयोगी पडणार ते आधी विचारावे.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसा पडत नाही. फॉक्सप्रोमध्ये एस-वाय-एस ३०५० नावाची एक आज्ञा आहे. तिला दोन आकडे द्यायचे. पहिला १ दिला तर कार्यक्रमाची खिडकी पुढे असतानाचा साठा, २ दिला तर ती मागे पडलेली असतानाचा. दुसरा आकडा म्हणजे साठा किती बाइटचा ठेवायचा तो. ६४ एमबी ठेवायचे तर ६,७१,०८,८६४ असा आकडा द्यावा लागतो. वीस प्रतींना प्रत्येकी ६४ एमबी म्हणजे एकूण १२८० एमबी, सव्वा जीबी. १२८ एमबी दिले तर अडीच जीबी, आणि २५६ दिले तर ५ जीबी. यांपैकी कुठलाही आकडा वरच्या १२ जीबीत आरामात बसतो. साठ्याखेरीज कार्यक्रमाला स्वतःसाठी म्हणून आणखी काही स्मृती लागते, ती जमेस धरूनही.

ही आज्ञा कायमची लिहिली जात नाही. कार्यक्रम बंद झाला की विसरली जाते. म्हणून ती कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या ओळींतच घालावी लागते, म्हणजे प्रत्येक प्रत उघडतानाच आपली पाळी समजून घेते. आणि आकडा नको झाला तर दुसऱ्या जागी ० दिले की साठा पूर्ववत होतो. तेव्हा यात परतीची वाट बंद होत नाही.

"एवढा थोडा साठा पुरतो का?" अशी शंका येईल. वाफसा जाणणाऱ्या शेतकऱ्याला हे पटायला हरकत नाही. पिकाला पाणी लागते, पण मुळांना हवाही लागते. पाणी जास्त झाले म्हणून ऊस जास्त येत नाही, जमीन मात्र चिबडते. बिलाच्या कार्यक्रमाला तेच ते पुन्हा पुन्हा लागते : अनुक्रमणिका, दराचा तक्ता, त्या सभासदाचे खाते. तेवढे हाताशी राहिले म्हणजे पुष्कळ झाले. एकदाच वाचून सोडून द्यायच्या लाखभर पावत्या उराशी धरून ठेवण्यात लाभ नाही. त्यांच्यासाठी सोडलेली मोकळी स्मृती विंडोज आपणहून डिस्कवरच्या फाईली हाताशी ठेवायला वापरते, आणि तो साठा सर्व वीस जणांच्या सामाईक उपयोगाचा असतो, हा आणखी एक फायदा.

६४ की १२८ की २५६, हे पुस्तकात पाहून ठरत नाही. मोजून ठरवावे लागते, आणि मोजायची वेळ हंगामाबाहेरची. गेल्या हंगामातील एका पंधरवड्याची प्रत वेगळ्या ठिकाणी काढावी, नेहमीइतकेच लोक बसवावेत (एकट्याने बसून घेतलेली चाचणी इथे कुचकामी, कारण दुखणेच मुळी गर्दीचे आहे), आणि तेच बिल तिन्ही आकड्यांवर काढून घड्याळ लावावे. त्याच वेळी सर्व्हरवरच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट' नावाचा आकडा पाहत राहावा. जी गोष्ट स्मृतीत असायला हवी ती डिस्कवरून आणावी लागली, असे सेकंदाला किती वेळा घडले ते तो सांगतो. तो चढला की समजावे, गाड्या शिवारात परत चालल्या आहेत. आकडा वाढवूनही वेळ कमी होईनासा झाला की तिथेच थांबावे.

चाचणीत आणखी एक गोष्ट सक्तीने करावी : प्रत्येक वेळी बिलाची एकूण रक्कम मूळ बिलाशी पैशापर्यंत ताडून पाहावी. "संगणकाच्या सेटिंगमध्ये हात घातला म्हणजे वजन किंवा दर इकडचा तिकडे होईल काय?" अशी शंका सभासदांच्या मनात येऊ शकते, आणि ती विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. स्मृतीच्या आकड्याने वेळ बदलतो, हिशेब बदलत नाही. काट्यावरचे वजन, दर, वजावट हे सारे डिस्कवरच्या नोंदींत असते. स्मृती म्हणजे त्यातले किती हाताशी घ्यायचे एवढेच. पण नुसत्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा ताळा करून दाखवावा हे उत्तम.

खरा धोका आहे तो दुसरीकडे, आणि तो सभासदांनीही समजून घेण्यासारखा आहे. संगणक रेंगाळला, पडदा गोठल्यासारखा झाला, खिडकीबाहेर लोक खोळंबले की कारकून वैतागून कार्यक्रम जबरीने बंद करतो. नोंद लिहिली जात असतानाच असे झाले तर फाईलीची किंवा अनुक्रमणिकेची मोडतोड होऊ शकते. मग अनुक्रमणिका नव्याने बांधा, पावत्यांशी ताळा करा, आणि या सगळ्यात बिल आणखी पुढे जाते. वाटणी नीट लावण्याचे हेही एक कारण. वेग हा नुसता सोयीचा भाग नाही. माहिती शाबूत राहण्याशी त्याचा संबंध आहे.

जाता जाता तात्पुरत्या फाईलींचे. फॉक्सप्रो मोठी जुळवाजुळव करताना कच्च्या वहीसारख्या फाईली डिस्कवर तयार करतो. त्या कुठे ठेवायच्या हे त्याच्या कॉन्फिग फाईलीत 'टीएमपीफाईल्स' या ओळीने सांगता येते. त्या नेटवर्कवरच्या लांबच्या डिस्कवर न ठेवता जिथे कार्यक्रम चालतो त्याच यंत्राच्या डिस्कवर ठेवाव्यात. यापलीकडे त्यात सांगण्यासारखे नाही.

फॉक्सप्रोच तेवढा हावरा, असे मात्र समजू नये. मायक्रोसॉफ्टचाच एसक्यूएल सर्व्हर घ्या. त्याला किती स्मृती वापरू द्यायची याची कमाल मर्यादा मुळात २,१४,७४,८३,६४७ एमबी अशी घातलेली असते. म्हणजे मर्यादा नाहीच म्हणा ना. तो एकटाच एका यंत्रावर असेल तर चालून जाते. पण त्याच यंत्रावर ऊसबिलाच्या वीस प्रती बसणार असतील तर त्याचीही पाळी आधी ठरवून द्यावी लागते. नव्या कार्यक्रमाकडे गेलो की हा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आणि नव्याकडे कधी तरी जावे लागणारच आहे. फॉक्सप्रोच्या एका फाईलीला २ जीबीची मर्यादा आहे, तिला ना सेटिंग ना उपाय. आणि ज्या वस्तूचा आधार २०१५ साली संपला तिच्यावर पुढची पिढी विसंबू शकणार नाही. परंतु ते काम दोन-तीन हंगामांच्या तयारीने, जुने-नवे शेजारी शेजारी चालवून, ताळा जमवत करायचे आहे. "बिल अडले" म्हणून भर हंगामात घाईने उरकायचे ते काम नव्हे. तोवर जुन्या यंत्राकडून नीट काम करून घेणे एवढाच स्मृतीच्या वाटणीचा हेतू.

सभासदांकडून या बाबतीत एक सहकार्य हवे आहे. बिलास उशीर झाला तर पावतीचा क्रमांक, ऊस काट्यावर गेल्याची तारीख आणि पैसे खात्यावर जमा झाल्याची तारीख अशा तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून आपल्या गट ऑफिसात द्याव्यात. उशीर सर्व्हरपाशी झाला, पावती गटातून वर येण्यात झाला, की बँकेत झाला, हे त्यावरून निवडून काढता येईल. "संगणक स्लो" या एका शब्दाखाली तिन्ही जात असतील, तर त्यातला सर्व्हरचा वाटा किती हेही त्यातून कळेल.